कुठंवर आलीस

स्कूटर चालवायची परीक्षा मी पहिल्याच फेरीत पास झाले आणि त्या दिवसापासून परीक्षा घेणाऱ्यांवरचा माझा विश्वास उडाला. माझा आठाचा आकडा डाव्या अंगाला फुगला होता. खालचा गोल वरच्यापेक्षा लहान आला होता. साहेबांना ते दिसलं नसेल, किंवा दिसूनही चालत असेल. त्यांनी कागदावर खूण केली, मला "चला पुढे" म्हणाले आणि मागच्या बाईला बोलावलं. काही दिवसांनी लायसन्स पोस्टानं घरी आलं. मी ते देवापुढे ठेवलं, मग पर्समध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर आठ काढायला गेले. पुढचे अकरा महिने मी तेच करत होते.

मी ब्लाउज शिवते. मंगळवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, आणि त्या मशीनवर मी तीस वर्षं बसत आले आहे. माझ्या हातचा ब्लाउज अंगाला बसतो याबद्दल कुणाचं दुमत नाही. तो कधी मिळतो याबद्दल आहे. शिवण सूतभर सरकली की मी उसवते. बाहीला चुणी आली की उसवते. गिऱ्हाईक घालून बघतं, "झ्याक झालाय की वहिनी" म्हणतं, आणि मी तो तिच्या अंगावरून उतरवून घेते आणि उसवते. एका बाईने बहिणीच्या लग्नासाठी टाकलेला ब्लाउज त्याच बहिणीच्या बाळाच्या बारशाला घातला. बारशातही तो उठून दिसला, असं तिने मुद्दाम येऊन सांगितलं. सांगताना ती हसत नव्हती.

स्कूटरचंही मी तसंच केलं. सकाळी सहाला मैदानावर जायचं, मापाच्या टेपने मोजून रांगोळीचा आठ काढायचा, दोन्ही गोल सारखे, आणि पुढचं चाक त्या रेघेवरून न्यायचं. चाक बोटभर खाली उतरलं की थांबायचं, गाडी ढकलत सुरुवातीला आणायची आणि पहिल्यापासून. नवरा पहिले पंधरा दिवस शिकवायला आला. सोळाव्या दिवशी म्हणाला, "अगं, हमरस्त्यावर कोण रांगोळी काढून ठेवत न्हाय." मी म्हटलं, तो त्यांचा प्रश्न आहे. सतराव्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

मैदानाच्या पायऱ्यांवर सकाळी फिरून दमलेले चार-पाच म्हातारे बसलेले असायचे. त्यांचं मत मला न विचारता रोज मिळायचं. "ताई, आठ झाला की आता, नऊ काढा," असं एक जण म्हणायचे. दुसरे म्हणायचे, "घाई करू नगासा. अजून दहावा बाकी हाय." एकदा त्यांच्यातल्या एकाने पुण्याहून आलेल्या जावयाला मला दाखवायला आणलं होतं. जावई बराच वेळ बघत उभा राहिला आणि शेवटी "त्या जाणार कुठं आहेत?" असं त्याने सासऱ्यांना विचारलं. सासऱ्यांना ते माहीत नव्हतं.

मला जायचं होतं पेठ वडगावला. तिथे माझी आई राहते, माझ्या थोरल्या भावाजवळ. कोल्हापुरापासून अंतर विसेक किलोमीटर. एवढ्या अंतराला एसटी आहे, माणसं भरली की सुटणारं वडाप आहे, आणि घरात नवऱ्याची मोटरसायकल आहे. पण एसटीला अर्धा दिवस जातो, वडापात मांडी घालून बसावं लागतं तेही दुसऱ्याच्या मांडीवर, आणि नवऱ्याला सुट्टी रविवारी, जेव्हा माझ्याकडे गिऱ्हाइकांची रांग असते. म्हणून दसऱ्याला मी माझ्या कमाईची स्कूटर घेतली. दर गुरुवारी, म्हणजे माझं मशीन बंद असतं त्या दिवशी, एकटीने निघायचं, दुपारी आईजवळ जेवायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं ठरवलं. हे ठरवलेलं इतकं सुरेख होतं की त्यापुढे एसटीने जाणं मला अर्धवट वाटायला लागलं. आधी मी महिन्यातून एकदा तरी जात होते. स्कूटर दारात आल्यापासून तीन-तीन महिने गेले नाही. दर गुरुवारी जायच्या तयारीत माझं जाणंच बंद पडलं. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त आठाचं पोट दिसत होतं.

गाडी घेतल्यावर दुसरी संक्रांत आली तेव्हा मी नवऱ्याच्या मागे बसून तिळगूळ घेऊन वडगावला गेले. आई दारातल्या खुर्चीवर बसली होती. तिने "या जावईबापू" म्हणून त्याचं स्वागत केलं आणि मग माझ्या मागे, गल्लीत, काही आहे का ते पाहिलं.

"तुझी गाडी कुठाय?"

"घरी."

"का? मोडली?"

"नाही गं. अजून हात बसला नाही."

"किती म्हयनं झालं घिऊन?"

मी सांगितले. पंधरा. आईने खुर्ची माझ्याकडे वळवली. आमच्या घरातल्या बायका खुर्ची वळवून बसल्या की समोरच्याने सावध व्हावं, एवढं मला कळतं.

"माझ्या बाच्या बैलगाडीत मी मागं," ती म्हणाली. "तुझ्या बाच्या सायकलीवर मागं. तुझ्या दादाच्या फटफटीवर मागं. जल्मभर नुसत्या पाठी बघितल्या बघ मी. फुडं काय असतंय ते कवा दिसलंच न्हाय." मग माझ्या नवऱ्याकडे, त्याच्या तोंडावरच, हात करून म्हणाली, "ह्यांच्या मागं बसून येऊ नगंस आता. सोताची गाडी घिऊन ये. येकटी. मला हितं दारात बसून बघायचंय."

नवऱ्याला राग आला नाही. तो तिळगूळ खात होता.

स्वयंपाकघरात वहिनीने भांडी लावता लावता हळू आवाजात सांगितलं, "वन्सं, काय करायचं ते बिगीनं करा." आईचं विसरणं वाढलं होतं. चहात मीठ पडत होतं. दादाला ती कधीकधी आमच्या आजोबांच्या नावाने हाक मारत होती. "परवा मला म्हणाल्या, ह्या घरची सून कुठं गेली? मी म्हटलं, मीच की सून. तर म्हणाल्या, मग च्या ठेवा." डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं की हे असंच थोडं थोडं जात राहील आणि गेलेलं परत यायचं नाही. "सकाळचं वळखत्यात. दुपार झाली की भरवसा न्हाय. आणि एक सांगते, चुकलं असं म्हणून दाखवायचं न्हाय त्यास्नी. लई घाबरत्यात. कालच्याला दिवसभर रडल्या."

मला भीती वाटली. येताना तिळगुळाचा रिकामा डबा मांडीवर धरून मी मोटरसायकलवर बसले होते, आणि वडगावपासून कोल्हापूरपर्यंत मला एक निळा शर्ट आणि त्याच्या कॉलरची निघालेली शिवण एवढंच दिसलं. त्या दिवशी मी ती शिवण पाहिली पण दुरुस्त करायचं मनात आलं नाही. आईला मी ओळखू येईन तोवर मला तिच्या दारात माझ्या गाडीवरून पोचायचं होतं. दुसरं काही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मैदान सोडून रस्त्यावर आले. स्वभाव मात्र सोबत आला. मी मनाशी नियम केला होता की घरापासून वडगावपर्यंत एकही चूक करायची नाही, आणि झाली तर घरी परत येऊन पहिल्यापासून निघायचं. सुरुवातीलाच टाका चुकला तर पुढचा सगळा कपडा तिरका जातो, हे तीस वर्षं मी शिकवणीच्या पोरींना सांगत आले आहे. पहिल्यांदा निघाले ती गल्लीच्या कोपऱ्यावरून परत आले, कारण वळल्यावर इंडिकेटर बंद करायला विसरले होते. दुसऱ्यांदा ताराराणी चौकापर्यंत गेले. सिग्नल हिरवा झाला तरी सगळ्यांना आधी जाऊ द्यावं असं मला वाटलं, आणि सगळे जाईपर्यंत तो लाल झाला. मागचा रिक्षावाला रिक्षातून डोकं काढून म्हणाला, "मावशी, तुमचा कुठला हिरवा असतोय?" मी परत फिरले. तिसऱ्यांदा आरसा हलला होता. चौथ्यांदा काय झालं ते आता आठवत नाही, पण परत आले एवढं नक्की.

नवरा त्या दिवशी रजेवर होता आणि दारात पेपर वाचत होता. चौथ्या वेळी मी आले तेव्हा त्याने पान उलटलं. "चुकलं तितनं फुडं जा की," तो म्हणाला. "घराला हात लावून जायला काय लपाछपी चाललीया?"

असे तीन गुरुवार गेले. पंचगंगेचा पूल मी जन्मात हजार वेळा ओलांडला असेल, पण हँडल माझ्या हातात आणि पूल समोर असं अजून एकदाही झालं नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी अकराला वडगावहून फोन आला. मी निघाले आहे असं दादाने आईला सांगून ठेवलं होतं. वहिनीने फोन लावून तिच्या कानाला धरला.

"कुठंवर आलीस गं?"

मी घरात होते. मशीनच्या स्टुलावर, हेल्मेट घालून. आईशी खोटं बोलायचं जिवावर आलं. "ताराराणी चौकापर्यंत आले होते," मी म्हटलं. "परत घरी आले."

"का?"

"चुकलं."

"कोन मेलं काय?"

"नाही गं. लेन चुकली."

"मग म्हागारी कशाला गेलीस? चौकापतूर आलतीस न्हवं? मग तितनंच फुडं ये की."

"अगं, पण मी आता चौकात नाही. घरी आहे."

"व्हय. पर आलतीस की," आई म्हणाली आणि तिच्यापुरता विषय संपला.

फोन ठेवल्यावर मी हसले. नवऱ्याला कामावर फोन करून सांगितलं, तोही हसला. मग मी हेल्मेट काढून मशीनवर ठेवलं आणि मला हसू येईना. जिला चहात साखर घालायची की मीठ हे आठवत नव्हतं, तिला मी चौकापर्यंत आले होते हे मान्य होतं. मला नव्हतं. तीस वर्षं मी उसवलेलं सगळं न शिवलेलं धरत आले होते. पहिल्या फेरीत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ गेले, ते धरलं नाही. दुसऱ्या फेरीत चौक गाठला, तोही धरला नाही. चौक मात्र होता तिथेच होता, आणि मी तिथे जाऊन आले होते. मला माझाच फार राग आला. रात्री स्वयंपाक करताना मी दोन भांडी आपटली आणि नवरा न सांगता दळण आणायला गेला.

चौथ्या गुरुवारी मी वडगावला निघालेच नाही. पुलाला निघाले. पुलापलीकडे जायचं, वाटेत काय व्हायचं ते होऊ द्यायचं, आणि परत यायचं. वाटेत सगळंच झालं. उजवीकडचा इंडिकेटर दाखवून मी डावीकडे वळले. एका भाजीच्या गाड्याला माझा आरसा घासला आणि भाजीवालीने माझ्या माहेरच्या लोकांची आठवण काढली. ताराराणी चौकात मी हिरव्याला निघाले, पण ज्या रांगेत होते ती रांग जिकडे जायला नको तिकडे गेली, तेव्हा एक वळसा घालून परत त्याच चौकात आले. घरी गेले नाही. पूल ओलांडला. पलीकडे गाडी उभी केली, उसाचा रस प्यायले आणि आईला फोन लावला.

"पूल ओलांडला."

"ब्येस. पाणी किती हाय?"

"बेताचं आहे."

"बरं. आता शिरोली कर."

पुढच्या गुरुवारी शिरोली केली. आईला फोन केला तेव्हा ती चिंतेत होती. "शिरोलीत कुनाकडं उतारलीयास?" तिने विचारलं. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की आईच्या हिशेबी मी एकदाच घरातून निघाले आहे आणि मुक्काम करत करत येते आहे. कुणाकडे नाही म्हटलं तर म्हणाली, "मग जेवायचं काय? हातरून हाय का?" मी म्हटलं, सगळं आहे. वहिनीने सांगितलं होतं, चुकलं म्हणायचं नाही. आणि खरं तर तिचं फारसं चुकतही नव्हतं.

त्यानंतर आई रोज सकाळी आवरून दारात बसायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, लेक वाटेवर हाय, गाडी घिऊन येतीया, शिरोलीपतूर आलीया. वडगावच्या त्या गल्लीत माझी वाटचाल सगळ्यांना ठाऊक झाली. कोपऱ्यावरचा किराणावाला दादाला विचारायचा, "काय, नागावात आल्या का?" दादाला या सगळ्याची थोडी लाज वाटत होती, पण त्यालाही गुरुवारी अकरा वाजता फोनजवळ बसायची सवय लागली.

नागाव सोडून टोपच्या बाजूला निघाले तो गुरुवार उसाच्या ट्रॅक्टरचा. दोन ट्रॉल्या भरून ऊस, वर कर्ण्यातून प्रेमभंगाचं गाणं, आणि मागे मी. पुढे काढायची हिंमत होईना. उसाचे शेंडे माझ्या तोंडासमोर डुलत होते आणि मी त्यांच्यामागे पालखीमागे चालावं तशी चालले होते. ड्रायव्हर हात बाहेर काढून जा म्हणायचा. मी मान हलवून नको म्हणायचे, ते त्याला दिसत असेल असं नाही. तीन किलोमीटर झाल्यावर त्याने ट्रॅक्टर कडेला घेतला, गाणं बंद केलं, खाली उतरून आला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमी फुडं व्हा. मला मागं बघून बघून मान आकडली."

मी पुढे झाले. उभ्या ट्रॅक्टरच्या पुढे जाणं हेसुद्धा पुढे जाणंच, असं मी धरलं. सहा महिन्यांपूर्वी धरलं नसतं.

त्याच आठवड्यात मी एका बाईला तिचा ब्लाउज एका बाहीला सूतभर कमी असताना दिला. दिला म्हणजे, ती घेऊन गेली आणि मी जाऊ दिला. चार दिवस मला तो डोळ्यांसमोर दिसत होता. पाचव्या दिवशी ती बाई आणखी दोन कापडं घेऊन आली. तिने दोन्ही हात वर करून दाखवले, कसा बसलाय बघा म्हणाली. मी कमी असलेल्या बाहीकडे बघून छान म्हटलं.

टोपला पोचले त्या दिवशी सकाळचे दहाच वाजले होते. तिथून वाठार दहा मिनिटांवर, आणि वाठारला महामार्ग सोडून आत वळलं की वडगाव फार लांब नाही. जाता आलं असतं. मी गेले नाही. समोरून ट्रक येत होते, रस्त्याचं काम चाललं होतं आणि आज टोपच ठरलं होतं. आईला फोन केला. तिने माझा आवाज लगेच ओळखला, मला नावाने हाक मारली, कुठंवर आलीस विचारलं आणि टोपला बोरं चांगली मिळतात, घे म्हणाली. मी बोरं घेतली आणि परत फिरले. या एका परत फिरण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. तेवढं मला जमत नाही.

त्यापुढच्या गुरुवारी वाठार झालं. फोनवर आई थोडं कमी बोलली. "वाठारला आलीया," असं तिने फोन बाजूला करून कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं. मला ती काही म्हणाली नाही.

वडगावला मी गेले तो पाडव्याच्या आधीचा गुरुवार. आई सकाळची बरी असते म्हणून साडेसातलाच निघाले. नवरा गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आला. त्याने टायर दाबून बघितला आणि परत गेला. चौक, पूल, शिरोली, नागाव, टोप, सगळं मागे पडत गेलं. ट्रॅक्टर दोन लागले, त्यातला एक चालता असताना मी मागे टाकला. वाठारला पुलाखालून वळताना चुकले आणि भलत्याच रस्त्याने साताऱ्याच्या दिशेला किलोमीटरभर गेले. तिथून वळून परत आले. वाठारला परत आले, घरी नाही.

वडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. किराणावाल्याने मला आधी पाहिलं. "आल्या! आल्या!" तो ओरडला, आणि दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं आली. गल्ली सरळ आहे आणि आमचं घर तिच्या शेवटी. घरासमोर खुर्ची होती. खुर्चीत आई होती, केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं लुगडं, आणि तिची नजर माझ्यावर होती. मी हँडलकडे बघायचं सोडलं. गाडी थोडी डावीकडे गेली असेल, उजवीकडे गेली असेल, मला माहीत नाही. संबंध गल्लीभर ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मी दारासमोर थांबले. गाडी स्टँडवर लावली. पहिल्या झटक्यात लागली.

आईचा चेहरा खुलला होता. ती खुर्चीतून अर्धवट उठली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "या पावणं. या, बसा."

मला वाटलं, हेल्मेट. मी हेल्मेट काढलं. मग तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला. मग गॉगल काढला. त्यानंतर काढायला काही राहिलं नाही. आई हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती, जसं ती कुणाच्याही घरच्या पाहुणीकडे बघेल.

वहिनी ओल्या हातांनी दारात आली होती. ती पुढे होऊन सांगणार होती. मी मानेने तिला थांबवलं. मी आईशेजारच्या पायरीवर बसले. हेल्मेट मांडीवर घेतलं, गॉगल त्यात ठेवला, स्कार्फची घडी घातली. आईला घाई नव्हती.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचं."

"येकट्याच आलासा?"

"हो. एकटीच."

"आन ही गाडी?"

"माझीच."

आईने गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ब्येस आनलासा," ती म्हणाली. "मी हितनं बघत हुती. लई ब्येस आनलासा. माझी लेकबी अशीच गाडी घिऊन येतीया. कोल्हापूरनंच. निघालीया कवाची."

"कुठंवर आली?"

"वाठारपतूर. आता काय, येईल की." मग ती जरा माझ्याकडे झुकली. "पर तिचं लई बारीक असतंय बघा. समदं नीट पायजे. ल्हान हुती तवा पाटीवर अक्षर काढायची. वाईच वाकडं झालं की पुसायची. परत काढायची, परत पुसायची. दिस मावळंस्तवर पाटी कोरी ती कोरी. मास्तर म्हनायचं, ही पोरगी काय लिवतच न्हाय."

"मग तुम्ही काय म्हणायचा?"

"मी काय म्हननार? मला कुठं वाचाय येतंय." आईने पदराने तोंड पुसलं. "मी आपली तिच्या मागं बसून बघायची. पुसायच्या आधी बघून घ्यायची. ब्येस काढायची ओ. येकबी वाईट नसायचं."

वहिनीने चहा आणून माझ्या हातात दिला आणि लगेच आत गेली. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घाईनं जाऊ नगासा," ती म्हणाली. "ती येईस्तवर बसा. गाठ पडंल."

मी म्हटलं, बसते.